प्रयागबाईंच्या जुन्या मरणाविषयी

लकडगंज, नागपूर
रविवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थरूप प्रेमिला आत्याबाई यांना भाचा रोशन याचा सविनय जयभीम. मामाजींनाही सांगावा.

इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या सूनबाईचा, दीक्षाचा खोकला गेला, तो आता माझ्याकडे आहे. दुकान चालू आहे, म्हणजे लोक येतात, प्लायवूडवर बोटानं टकटक करतात आणि जातात. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? भिलाईच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करता की मामाजींकडून करवून घेता? (मामाजींची साखर कमी झाल्याचं कळलं, म्हणून विचारलं.) आजी ठणठणीत आहे. ती हल्ली इथं आमच्याकडेच असते आणि रोज सकाळी आमच्या दुकानातल्या माणसांना लाकूड कसं रचावं ते शिकवते.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्हाला वाटेल. तर मागच्या वेळी मी फोनवर "आबांची पेन्शन अडली" असं सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, "अडीच किलो पुरे." मी अडीच किलो संत्री पाठवली, ती पोचली असतील. पण पेन्शनचं सांगायचं राहूनच गेलं. शिवाय जे सांगायचं आहे ते मोठ्यानं ओरडून सांगण्यासारखं नाही. आमच्या गल्लीत भिंती पातळ आहेत. तेव्हा चष्मा लावा, बसून घ्या आणि सावकाश वाचा.

आबा गेल्यावर मी त्यांच्या मृत्यूचा दाखला बँकेत दिला. नौदलात पंधरा वर्षं काढलेला माणूस, त्याच्या मागे त्याच्या बायकोला कुटुंब पेन्शन मिळते, एवढंच मला माहीत होतं. मला वाटलं, महिनाभरात काम होईल. आजीचा फोटो दिला, आधार कार्ड दिलं, अंगठा दिला (आजीला सही येते, पण तिला अंगठ्याची शाई आवडते). मग मुंबईच्या नौदलाच्या रेकॉर्ड कार्यालयाकडून उत्तर आलं. त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं की सैनिक लहानू लोणारे (म्हणजे आपले आबा), स्टोकर, म्हणजे बॉयलरवरचे कामगार, यांची पत्नी प्रयागबाई या ऑगस्ट १९६३ मध्ये मरण पावल्या आहेत. निवृत्तीच्या वेळी सैनिकानं स्वतःला विधुर नोंदवलं आहे. सबब पेन्शनला पात्र असं कोणी दिसत नाही.

मी ते पत्र वाचलं तेव्हा आजी समोर बसून वाटाणे सोलत होती.

आता तुम्हीच सांगा, काय समजायचं माणसानं? टायपिंगची चूक असेल असं मी म्हटलं. पण चूक झाली तर एखादं अक्षर इकडचं तिकडं होतं, आख्खा माणूस मरत नाही. दीक्षा हुशार आहे, ती म्हणाली की मेली ती पहिली बायको असेल. मी म्हटलं, अगं पण नाव तेच आहे. तर ती म्हणे, लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत होतीच की, आबांनी दुसरीचंही नाव प्रयागबाईच ठेवलं असेल, म्हणजे चुकून तोंडातून पहिलीचं नाव गेलं तरी घरात भांडण नको. (आत्याबाई, ही कल्पना दीक्षाला इतक्या झटकन कशी सुचली, यावर मी अजून विचार करतो आहे.)

मग माझ्या लक्षात आलं की माझे बाबा (ते असते तर त्यांनाच विचारलं असतं) तर एकोणसाठ सालचे. म्हणजे ते पहिलीचे! म्हणजे मी त्या अनोळखी बाईचा नातू, आणि ज्या बाईनं मला न्हाऊमाखू घातलं ती माझी सावत्र आजी. तुम्ही बाबांच्या सावत्र बहीण आणि मी तुमचा सावत्र भाचा. त्या आठवड्यात मी आरशासमोर बराच वेळ उभा राहायचो. माझं नाक ना आबांसारखं ना आजीसारखं, हे मला तेव्हाच दिसलं. दाढी करताना मला त्या बिचारीची दया येऊ लागली.

आजीला विचारायचं धाडस होईना. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला "तुझ्या आधी कोणी होती का" असं कसं विचारायचं? तेव्हा मी ठरवलं की गावी जाऊन गुपचूप चौकशी करावी. आजीला काही दिवस गावची हवा बरी म्हणून सोबत घेतलं आणि रामटेकच्या एसटीत बसलो. ती एसटी पाहिली की मला आबाच आठवतात. पंधरा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, आणि मनसर येईपर्यंत खिडकीतून मान बाहेर! लोक हसायचे, म्हणायचे, हा कसला नेव्हीवाला. आबा तोंड पुसून म्हणायचे, "समुद्रावर खड्डे नसतात गा."

गावात आबांचा चुलतभाऊ धोंडबा एवढाच त्यांच्या वयाचा माणूस उरला आहे. मी त्याच्या ओसरीवर बसलो आणि फार बेतानं, वळसे घेत घेत विचारलं की आबांच्या घरात पहिले कोणी बाई होती काय. धोंडबा आधी नाही म्हणाला. मग चहा आला. चहा पिता पिता त्याला अंधुक आठवायला लागलं. कप खाली ठेवेपर्यंत त्याला ती पूर्ण आठवली. "होती नं! गोरी होती. मौद्याकडची होती. भाकर लय पातळ करे." मी उठेपर्यंत तिला एक भाऊही होता आणि तो तबला वाजवायचा.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. शेजारच्या बायका आजीभोवती बसून तिचं सांत्वन करत होत्या. इतक्या वर्षांनी सवत निघाली, काय हे नशीब, वगैरे. आजी सुपारी कातरत सगळं ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "नाव काय म्हणते तिचं?" कोणीतरी सांगितलं, प्रयागबाई. त्यावर आजी इतकी हसली की सुपारी घशात अडकली आणि चौघींनी मिळून तिची पाठ चोळली. मला वाटलं, धक्क्यानं डोक्यावर परिणाम झाला. मी तिला दुसऱ्याच दिवशी नागपूरला परत आणलं.

एवढ्यात मी मागवलेला आबांच्या नोकरीचा उतारा आला. आत्याबाई, इथं थोडं थांबून सांगतो. पेन्शनचं काही होवो, पण तो कागद वाचताना माझी मान ताठ झाली. ज्या पोरानं तोवर खिंडसीच्या तलावाहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तो एकोणिसाव्या वर्षी मुंबईला जाऊन जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या धगीसमोर उभा राहतो. वरती समुद्र आहे, आकाश आहे, बंदरं आहेत. आणि हा खाली, जिथं ऊन दिसत नाही, तिथं जहाज चालतं ठेवतो. दर वर्षाच्या पुढे शेरा आहे, वर्तणूक अतिशय चांगली. पंधरा वर्षांत एकदाही दुसरा शेरा नाही. मला आता कळलं, गावात कोणाचं डिझेल इंजिन बंद पडलं की आबा आधी त्याला हात का लावत नसत. डोळे मिटून नुसतं ऐकत बसायचे आणि मग बरोबर त्याच नटावर पाना ठेवायचे. आम्हाला ते सोंग वाटायचं. जहाजाच्या पोटात त्यांनी तेच केलं होतं, ऐकत राहायचं.

पण त्याच उताऱ्यात एक ओळ होती. ऑगस्ट १९६३, पत्नीच्या मृत्यूची तार आल्यावरून विशेष रजा मंजूर.

आता इलाजच नव्हता. इथल्या माजी सैनिकांच्या कार्यालयात एक निवृत्त कॅप्टनसाहेब मदतीला बसतात. ते म्हणाले, आजींना घेऊन या, समोरासमोर बोलू. आदल्या दिवशी मी आणि दीक्षानं आजीला पढवलं की तिथं कमी बोलायचं, विचारतील तेवढंच सांगायचं. आजीनं निळं लुगडं नेसलं, डोक्याला तेल लावलं आणि रिक्षात बसल्यापासून रिक्षावाल्याशी बोलायला सुरुवात केली.

कार्यालयात बाकावर पाच-सहा जणी बसल्या होत्या, सगळ्या फौजींच्या बायका. कॅप्टनसाहेब भला माणूस. त्यांनी आजीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग बराच वेळ कागदांची चाळवाचाळव करून म्हणाले, "आजी, वाईट मानू नका. पण नौदलाच्या कागदावर तुम्ही त्रेसष्ट सालीच वारल्या आहात."

"बरोबर हाये," आजी म्हणाली.

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"तार मीनंच केली होती," आजी म्हणाली.

आत्याबाई, पुढचं तिनं सांगितलं तसं लिहितो. दोन वर्षं आबांना रजा मिळाली नव्हती. आजीनं मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं की पावसानं भिंत पडली आहे, या. साहेबानं सोडलं नाही. मग लिहवलं, म्हैस मेली. नाही. मग सासू खाटेवरून पडून पाय मोडल्याचं लिहवलं (हे खरं होतं), तरीही नाही. "त्याच्या साहेबाले भिंत पडली तं चाले, म्हैस मेली तं चाले, सासू लंगडी झाली तं चाले. मंग मीनं म्हटलं, मी मेल्याशिवाय हा काही त्याले सोडत नाही." आणि ती उठली, धान रोवण्याचं काम अर्धं टाकून चिखलाच्या पायांनी रामटेकला चालत गेली, आणि पोस्टातल्या बाबूसमोर उभी राहिली. बाबूनं विचारलं, कोण वारलं? ती म्हणाली, प्रयागबाई. बाबूनं विचारलं, तुमच्या कोण होत्या?

"मीनं म्हटलं, लय जवळची होती जी." आजीनं पदरानं तोंड पुसलं. "तं तो बिचारा उठला, माठातलं पानी आणून देल्लं मले. म्हणे धीर धरा बाई."

बाकावरच्या बायका एव्हाना बाक सोडून टेबलापाशी आल्या होत्या.

आबा निघाले ते रडतच. मुंबईहून नागपूर, नागपूरहून रामटेक, आणि तिथून पायी. अंगावर नौदलाचा पांढरा शुभ्र पोशाख, डोळे सुजलेले. धानाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पोचले तर समोर आजी, गुडघाभर चिखलात, हातात धानाची जुडी. आबा जागच्या जागी खाली बसले. त्या पांढऱ्या कपड्यांनिशी चिखलात! आजी म्हणाली, "आले काय? हातपाय धुवा, भाकर झाकून ठेवली हाये."

दिवसभर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. संध्याकाळी चुलीजवळ येऊन बसले आणि म्हणाले, काहून केलं असं?

"मंग तुम्ही काय सांगितलं, आजी?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं. ते टेबलावर चांगलेच पुढे झुकले होते.

"काय सांगणार? खरं होतं ते सांगतलं. मीनं म्हटलं, मले तुमाले पाह्यचं होतं."

एवढंच. मी सहा महिने पहिली बायको, दुसरी बायको, मौद्याची गोरी बाई, काय काय शोधत फिरलो. जमिनीचा तंटा असेल, कोणाचं आजारपण असेल, असं तिची गोष्ट ऐकता ऐकताही मला वाटत होतं. तर कारण हे. नवरा दोन वर्षं दिसला नव्हता, म्हणून तेवीस वर्षांची बाई चालत गेली आणि स्वतःच्या मरणाची तार करून आली. मी रिक्षातून परत येताना तिला म्हटलं, अगं, मग मला आधीच का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तू मले कुठं विचारलं? तू तं धोंडबाले विचारून राहिला होता."

पण रिक्षाच्या आधीचं राहिलं. कॅप्टनसाहेबांनी आजीला समजावलं की खोटं कारण देऊन रजा घेणं हा नौदलात गुन्हा असतो. आजी म्हणाली, मंग मले न्या, त्याचं नाव काढू नका, त्याले तार खोटी हाये हे मालूम नोतं. पुढे आबांना कळलं तेव्हा साहेबाला सांगायची सोय नव्हती, सांगितलं असतं तर कैद झाली असती. "दर साली म्हणे, आता जाऊन सांगतो, आता जाऊन सांगतो. अन् मंग पेन्शनीत निंगाला." हे सगळं ती अगदी निवांतपणे बोलत होती. आपण मेलेलो आहोत याचं तिला काहीच वाटत नव्हतं.

मग साहेबांनी कागद वाचता वाचता "विधुर" हा शब्द उच्चारला. आजीनं मला विचारलं, विदूर म्हंजे कोन? मी सांगितलं, ज्याची बायको मेली आहे तो.

आत्याबाई, ती गप्प झाली. आबा गेले तेव्हाही ती अशी गप्प झाली नव्हती. तेव्हा तिला माणसांचं चहापाणी पाहायचं होतं. तिनं तो कागद हातात घेतला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, तरी बराच वेळ पाहत राहिली. मग साहेबांना म्हणाली, "मी मेली लिवलं तं लिवू द्या, मीनंच सांगतलं होतं. पण तो एकटा होता असं काहून लिवलं? तो एक दिवस एकटा नोता. पेन्शन द्या, नका देऊ, मले नातवाच्या घरी पोळी भेटते. हे तेवढं खोडून द्या."

बाकावरच्या एका बाईनं आजीच्या खांद्यावर हात ठेवला. कॅप्टनसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी स्वतः बसून अर्ज लिहिला. त्यात त्यांनी फार छान शब्द वापरले, की मृत्यूची वार्ता "वस्तुस्थितीस धरून नव्हती". खोटी तार मुंबईला पोचायला एक दिवस लागला होता, ती खोडायला किती लागेल ते सांगता येत नाही, पण अर्ज मजबूत आहे असं ते म्हणाले. निघताना ते आजीला फाटकापर्यंत सोडायला आले. रिक्षात बसवताना म्हणाले, "मी तीस वर्षं फौजेत काढली, आजी. मला अशी तार एकदाही आली नाही."

आजी म्हणाली, "मंग घरी जाऊन विचारा गा, काहून नाही केली म्हणून."

तर अशी ही तुमची माय. आम्ही तिला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलतो, टीव्हीचा आवाज मोठा म्हणून बोलतो, आणि ती सगळं ऐकून घेते. त्या दिवसापासून मी तिला काही बोललो नाही. (दीक्षा बोलते, पण हळू.) आबांबद्दलही सांगतो. चिखलात बसलेला तो माणूस ओरडला नाही, त्यानं हात उचलला नाही, चार माणसांत तिची तक्रार केली नाही. पुढे साठ वर्षं तो तिचं ते मरण पोटात घेऊन वावरला आणि घरात कोणाला कळू दिलं नाही. असा माणूस आपल्या घरात होता आणि आम्ही त्याला एसटीत ओकतो म्हणून हसत होतो.

तब्येतीला जपा. गुडघ्याला तेल लावा. मामाजींना आणि सगळ्यांना माझा आणि दीक्षाचा जयभीम.

आपला भाचा (सख्खा, आता खात्री झाली),
रोशन

ता. क. एक बारीकसं काम राहिलं. साहेब म्हणतात, आजी आज जिवंत आहे हे आधार कार्डावरून दिसतं, पण ती तीच प्रयागबाई आहे, दुसरी नव्हे, हे दाखवायला त्रेसष्टनंतर याच जोडप्याला झालेल्या मुलाचा दाखला लागतो. बाबा आधीचे. त्यामुळे तुम्हीच राहता. मी गावच्या ग्रामपंचायतीत पाहिलं. तुमचा जन्म मे १९६४ चा निघाला. (ऑगस्टमध्ये आबा रजेवर आले होते, एवढंच लिहितो, मी तुमचा भाचा आहे.) पण तुमच्या आधार कार्डावर, भिलाईच्या सगळ्या कागदांवर आणि तुमच्या लग्नाच्या वेळी मामाजींच्या घरी दिलेल्या माहितीत साल १९७० आहे. तेव्हा तुम्हाला इथं येऊन, शपथेवर, सही करून सांगावं लागेल की खरी तारीख ग्रामपंचायतीची आहे. मामाजींना हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी पाकिटावर फक्त तुमचं नाव घातलं आहे.

ता. क. २. आजी शेजारी बसून हे ऐकते आहे आणि मी सांगेन तसंच लिही म्हणते, म्हणून लिहितो: "प्रेमिले, लाजू नको वं. मी तुह्या बापाले एकदा पाह्यासाठी साठ वर्सं मेलेली राह्यली. तुले माह्यासाठी सहा वर्सं म्हातारं व्हायले काय होते?"